सोमवारची मोजणी

वसुमतीला जाऊन साडेनऊ महिने झाले, तेव्हा संहिता तिच्या वह्या मागायला आली. शहाण्णव सालच्या जानेवारीतला पहिला रविवार होता. बनशंकरीतल्या घराच्या कट्ट्यावर बसून वसुमतीचे यजमान हयवदन पावट्याच्या शेंगा सोलत होते. थंडीच्या दिवसांत बेंगळुरात या शेंगा घरोघर येतात. इथे त्यांना अवरेकाई म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा किलो पुष्कळ झाल्या. हयवदनांनी सवयीनं दोन किलो आणल्या होत्या.

"अण्णा, एवढ्या कुणासाठी?" संहितानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता समोर बसून सोलायला लागली.

संहिता वकील होती. तिचे आजोबा आणि हयवदनांचे वडील एकाच कचेरीत कारकून होते. दोन्ही घरं तीनशे वर्षांपूर्वी मराठी सैन्यामागून इकडे आलेली. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, असंच सगळ्यांचं चाललेलं. वसुमतीला ती अक्का म्हणायची.

"अठरा तारखेला सुनावणी आहे," ती म्हणाली. "होन्नम्मनकेरेची."

होन्नम्मनकेरे हा तलाव बनशंकरीच्या पलीकडे, बसच्या शेवटच्या थांब्यापासून वीस मिनिटं चालल्यावर लागतो. एका घरबांधणी सोसायटीला तिथे दोनशे चाळीस प्लॉट पाडायचे होते. हा तलाव दहा वर्षं कोरडाच आहे, नावालाच तलाव आहे, असं सोसायटीचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या इंजिनियरचा अहवाल जोडला होता: एक फेब्रुवारी पंचाण्णव रोजी पाहणी केली, तलावात पाण्याचा थेंब नाही.

"मी आपल्या हरकतीच्या अर्जात लिहून टाकलंय," संहिता म्हणाली, "की अक्का दर सोमवारी तलावाचं पाणी मोजत होती, अगदी शेवटपर्यंत. आदल्या सोमवारी, तीस जानेवारीला, तिच्या वहीत पाणी असणारच. मग दोन दिवसांत इंजिनियरला कोरडं कसं दिसलं? बस, एवढंच वाक्य बोलायचंय मला. पुढचं ती वही बोलेल."

"शेवटची वही हवी?"

"सगळ्याच द्या. पण शेवटची आधी."

हयवदनांनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. "ट्रंकेची किल्ली शोधायला हवी," ते म्हणाले. "बुधवारी ये."

"सरी, बरं," संहिता म्हणाली आणि सोललेले दाणे त्यांच्या ताटलीत टाकून उठली.

किल्ली समोरच्या खिळ्याला लटकत होती.

वसुमती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पर्यावरण हा शब्द तिच्या तोंडी फारसा नसे. ती पाणी म्हणायची. एका कानडी सायंदैनिकात दर आठवड्याला तिचा अर्धा रकाना येई. त्यात अमुक तलावाचा कालवा कुठे बुजवला, तमुक तलावात कुठल्या गटाराचं तोंड सोडलं, अशी साधी माहिती असे. चाळीस पानांचं एक छोटं पुस्तकही तिनं लिहिलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य वाचून लोक चमकायचे. तिनं लिहिलं होतं की बेंगळुरातले तलाव म्हणजे निसर्ग नव्हे. इथे नदी नाही, म्हणून माणसांनी ते खणले, एकाखाली एक असे जोडले, आणि गाळ काढून काढून राखले. माणसांनी केलेलं आहे तेव्हा राखायचंही माणसांनीच. देवावर सोडू नका.

दुसरं एक वाक्य ती सभांमधून बोलायची. "तलाव आपणहून मरत नाही. ज्याला तो मारायचा असतो तो आधी मेल्याचा दाखला काढून ठेवतो."

सुरुवातीला तिची एकदा फजिती झाली होती. शहाऐंशी साली होन्नम्मनकेरेच्या नऊ पायऱ्या उघड्या पडल्या असं तिनं लिहिलं. तलावाच्या काठी गंगम्माचं लहानसं देऊळ आहे. देवळापासून पाण्यात उतरणाऱ्या एकवीस दगडी पायऱ्या आहेत. पाणी किती खाली गेलं हे त्या पायऱ्यांवरून कळतं. पण एक पायरी फुटून तिचे दोन तुकडे झालेत, आणि वसुमतीनं त्या दोन धरल्या होत्या. एका सभेत एका इंजिनियरनं उठून सांगितलं की बाईंना पायऱ्याही मोजता येत नाहीत. लोक हसले. घरी आल्यावर हयवदनही हसले. ते मोजणी खात्यात होते, चाळीस वर्षं साखळी ओढलेली.

"पायऱ्या मोजून कुणी तलाव मोजतं का?" ते म्हणाले होते.

"मग तुम्ही मोजायला या."

"मला सरकार पगार देतं मोजायचा. फुकट मोजत नाही मी."

ती चिडली नाही. तिनं एक नियम केला. दर सोमवारी दोघांनी मोजायचं, एकमेकांना न विचारता, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. दुसरा माणूस मल्लाप्पा. तो त्या गावचा नीरगंटी, म्हणजे तलावाचं पाणी शेतांना वाटून देणारा. हे काम त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले तर शेवटच्या रकान्यात ती लिहायची, 'पुन्हा मोजणे', आणि दोघं पुन्हा मोजायचे. लिहिलेला आकडा कधी खोडायचा नाही. आपल्या बाजूचा नसला तरी लिहायचा. आणि ज्या सोमवारी जाणं झालं नाही त्या सोमवारी सरळ लिहायचं, 'गेले नाही'. साडेआठ वर्षांत चारशेच्यावर सोमवार झाले. त्यात 'गेले नाही' अकरा. एकदा बस बंद होत्या, एकदा पुतणीचं लग्न होतं, आणि असंच काही.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तिच्या पोटाचं दुखणं बाहेर पडलं. डॉक्टरांनी हयवदनांना बाजूला घेऊन सांगितलं ते त्यांनी तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिनं फक्त सांगितलं, "सोमवारी तुम्ही जा. मल्लाप्पा आहेच."

मग निवृत्त झालेले हयवदन फुकट मोजायला जाऊ लागले. नोव्हेंबरात एक पायरी उघडी, मग दोन. बारा डिसेंबरला तीन. वर्षाच्या त्या दिवसांत एवढंच असतं. ते घरी येऊन आकडा सांगायचे, ती उशीखालची वही काढून लिहायची. मल्लाप्पाला बसनं दर आठवड्याला येणं जमत नसे. तो महिन्यातून एकदा येऊन त्याचे चार सोमवार सांगून जायचा.

एकोणीस डिसेंबरला सहा पायऱ्या उघड्या होत्या. एका आठवड्यात तीन. हयवदनांनी तीनदा मोजल्या. बांधावरून चालत जाऊन त्यांनी कालवा बघितला. कालव्यात पाणी वाहत होतं, शेतात पीक नसताना. त्यांना कळलं. तूबू, म्हणजे तलावाच्या बांधातलं पाणी सोडायचं दगडी भोक, कुणीतरी उघडलं होतं. त्यात बसवलेला लाकडी दट्ट्या उपटून काढला होता.

घरी आले तेव्हा तिला सकाळपासून उलट्या होत होत्या. चेहरा धुऊन, केस सारखे करून ती उशीला टेकून बसली होती. वही मांडीवर होती.

"किती?"

"तीन," हयवदन म्हणाले.

रस्ताभर ते सहा म्हणत आले होते. तोंडातून तीन आलं. सहा सांगितलं असतं तर ती उठली असती, साडी बदलली असती, रिक्षा आणायला सांगितली असती, कचेऱ्यांना पत्रं लिहिली असती. एवढ्या वर्षांत तिनं तेच केलं होतं. त्या दिवशी तिला न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागत होतं.

पुढच्या सोमवारी नऊ उघड्या होत्या, त्यांनी चार सांगितल्या. मग बारा, पंधरा, अठरा. त्यांनी चार सांगितल्या, चार सांगितल्या, पाच सांगितल्या. तीस जानेवारीला एकवीसच्या एकवीस पायऱ्या कोरड्या होत्या आणि खाली चिखलात बगळे फिरत होते. त्यांनी सांगितलं, पाच.

खरे आकडे मात्र त्यांनी लिहिले होते. खिशात फील्डबुक असायचंच, आणि जागेवर उभं राहून खोटं लिहायची हाताला सवय नव्हती. ते फील्डबुक त्यांच्या कपाटात होतं.

हे आजपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. आता संहिताला वही हवी होती. वहीत खोटा आकडा होता, तोही वसुमतीच्या अक्षरात. वही देऊन गप्प बसलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं आणि कदाचित तलाव वाचणार होता. खरं सांगितलं तर साडेआठ वर्षांच्या वह्यांवर कुणीही बोट ठेवलं असतं. बाई खोटं लिहायची, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं.

सोमवारी दुपारी त्यांनी ट्रंक उघडली. शेवटची वही त्यांनी ती गेली तेव्हा न उघडताच आत ठेवली होती. निळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी मुलांची असते तशी. 'ह' आणि 'म' असे दोन रकाने तिनं पट्टीनं आखले होते. 'ह'खाली त्यांचे आकडे होते. 'म'खाली मल्लाप्पाचे.

बारा डिसेंबरपर्यंत दोन्ही जुळत होते. एकोणीसला तीन आणि तीन. पुढे त्यांचे चार, चार, चार. मल्लाप्पाचे तीन, तीन, तीन. नऊ जानेवारीच्या ओळीत शेवटच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: पुन्हा मोजणे.

हयवदन ते बघत राहिले. मल्लाप्पानंही खोटंच सांगितलं होतं. तो तर त्यांच्यापेक्षा सढळ हातानं बोलला होता. तलावाला त्यानं महिनाभर हलू दिलं नव्हतं. दोन माणसं खरं बोलली असती तर आकडे जुळले असते. दोघं वेगवेगळं खोटं बोलले, आणि तिच्याच नियमात सापडले.

त्यांनी पान उलटलं. सोळा, तेवीस, तीस जानेवारी: पाच, पाच, पाच. मल्लाप्पाचे चार, चार, चार. सहा फेब्रुवारी: सहा आणि चार. पुन्हा मोजणे.

तेरा फेब्रुवारीच्या ओळीत आकडा नव्हता. त्या दिवशी त्यांनी सहा सांगितलेलं त्यांना चांगलं आठवत होतं. ती लिहीत होती आणि ते पलंगाजवळ औषधाचं झाकण हातात घेऊन उभे होते. वहीत लिहिलं होतं: गेले नाही.

वीस फेब्रुवारी: गेले नाही. सत्तावीस: गेले नाही. सहा मार्च, तेरा मार्च: गेले नाही. अक्षर खाली खाली जात होतं, पण वाचता येत होतं. वीस मार्चला ती इस्पितळात होती. तेवीसला गेली.

पाच सोमवार त्यांनी आकडे सांगितले होते आणि ती ते ऐकून, मान हलवून, दुसरंच लिहीत होती. त्यांना ती एका शब्दानं बोलली नव्हती. एकदा फक्त म्हणाली होती, "तुम्हाला फार चालावं लागतं हो, बसपासून." त्यांनी म्हटलं होतं, "स्वल्पच."

हयवदनांनी वही मिटली आणि चूल पेटवून पावट्याची उसळ केली. खाल्ली मात्र नाही. दोन दिवस उसळ शेजाऱ्यांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ते बसनं मल्लाप्पाकडे गेले. मल्लाप्पा घरापुढे दोरी वळत बसला होता. तलावात सोसायटीनं पांढरे रंगवलेले दगड रोवले होते, ते त्याच्या अंगणातून दिसत.

"या अण्णा," तो कानडीत म्हणाला. "आज मंगळवार. वार विसरलात की काय?"

"तू तिला काय सांगत होतास रे?"

मल्लाप्पानं दोरी खाली ठेवली. त्याला काय म्हणायचं ते कळलं होतं.

"पावटे घेऊन आलो होतो अम्माला," तो म्हणाला. "तुम्ही आत कॉफी करत होता. तिनं विचारलं, किती? मी तोंड उघडलं आणि तिच्या हाताकडं बघितलं. हात असा, काडीसारखा. तीन म्हटलं. पुढचा सोमवार? तीन. त्याच्या पुढचा? तीन. मला दुसरा आकडाच सुचेना."

"महिनाभर पाणी एका जागी राहतं का? नीरगंटी ना तू?"

"आणि तुम्ही सर्वेवाले ना? तुम्ही काय सांगितलंत?"

"चार. पाच."

"मग तुम्ही तरी कुठे मोठे हरिश्चंद्र?"

हयवदन ओसरीवर टेकले. मल्लाप्पाच्या सुनेनं ताक आणून दिलं.

"दट्ट्या उपटलेला तुला माहीत होता," ताकाचं भांडं खाली ठेवून हयवदन म्हणाले.

"माझं कामच ते. एकदा मी बसवला परत, पाण्यात उतरून. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. मग गावच्या पटेलानं बोलावलं. म्हणाला, तुझ्या पोराला सोसायटीत वॉचमन घेतायत, तू आता पाण्यात उतरू नकोस, थंडी बाधेल." मल्लाप्पा हसला, पण लगेच थांबला. "मला वाटलं, तुम्ही अम्माला खरं सांगाल. खरं सांगणारच, सर्वेवाले. मग अम्मा बोंब ठोकेल. दरवेळी ठोकायची तशी. माझ्या एकट्याच्या गप्प बसण्यानं काय होणार होतं?"

"मला वाटलं, तू बुजवशील. तुझंच काम."

"हो ना," मल्लाप्पा म्हणाला.

सहा आठवडे कालव्यातून पाणी वाहत होतं आणि दोन म्हातारे एकमेकांच्या भरवशावर गप्प बसले होते.

"पुढच्या गुरुवारी सुनावणीला येशील?"

"पोराची नोकरी आहे अण्णा."

"येशील का, एवढंच विचारलं."

मल्लाप्पानं दोरी उचलली आणि पुन्हा वळायला घेतली.

बुधवारी संहिता आली. हयवदनांनी निळी वही आणि आपलं फील्डबुक शेजारी शेजारी ठेवलं आणि सगळं सांगितलं. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ऐकताना संहिताचा चेहरा उतरत गेला.

"मी अर्जात लिहून बसलेय अण्णा," ती म्हणाली. "अक्काच्या वहीवर सगळी केस उभी केलीय. तुम्ही हे मला सांगायलाच नको होतं."

"वही नेऊन गप्प बसली असतीस?"

"मला माहीतच नसतं. आता माहीत झालं, आता मला खोटा आकडा पुढे करता येत नाही." तिनं फील्डबुक उघडलं, पानं उलटली. मग पुन्हा मागे आली. "डिसेंबरात काय झालं? दोन, तीन, आणि एकदम सहा?"

"तूबू उघडला."

"एक फेब्रुवारीच्या पाहणीच्या आधी सहा आठवडे." तिनं फील्डबुक खाली ठेवलं. "म्हणजे इंजिनियर खरं बोलतोय. कोरडंच होतं. पण आधी कुणीतरी कोरडं करून ठेवलं."

"ती म्हणायची ना, दाखला आधी काढतात."

"हे सांगायचं तर तुम्हाला उभं राहावं लागेल. ते लोक सोलून काढतील तुम्हाला. आणि अक्कालाही. पेपरात येईल. बाकीच्या आठ वह्या मी दिल्या आणि शेवटची दिलीच नाही, असंही करता येतं. केस लंगडी होईल, पण तिचं नाव राहील."

हयवदनांनी वही उघडून तेरा फेब्रुवारीची ओळ तिला दाखवली.

"खोटं आहे कळल्यावर तिनं लिहायचं बंद केलं," ते म्हणाले. "तिचं नाव हे आहे. मी ते लपवलं तर काय राखलं?"

संहिता त्या ओळीकडे बघत राहिली. मग पर्स उघडून रुमाल शोधू लागली.

सुनावणी एका लांब खोलीत झाली. अधिकारी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवून कागद वाचणारे. सोसायटीचे वकील हसतमुख होते. हयवदन उभे राहिले आणि त्यांनी संहिताला सांगितलं होतं तेच सांगितलं.

"म्हणजे आजारी बायकोशी तुम्ही खोटं बोललात?" वकिलांनी विचारलं.

"हो."

"एकदा?"

"तेरा वेळा."

मागे कुणीतरी हसलं. वकीलही हसले. "मोजलंत वाटतं?"

"मोजणी खात्यात होतो. त्यातले आठ आकडे तिनं लिहिले. पाच लिहिले नाहीत."

"आणि आता तुमचं हे दुसरं बुक खरं म्हणता. पहिली वही खोटी, दुसरी खरी. उद्या तिसरी काढाल. साहेबांनी तुमच्या कुठल्या वहीवर विश्वास ठेवायचा?"

"कुठल्याच नको," हयवदन म्हणाले. "जाऊन मोजा."

"काय मोजा? तलावात पाणी नाही!"

"तूबूत दट्ट्या आहे का ते बघा. नसला तर का नाही ते विचारा. यंदाच्या पावसात कालव्याखालची दोन शेतं वाहून गेली, त्यांच्या मालकांना विचारा पाणी कुठून आलं. तलाव दहा वर्षं कोरडा असेल तर खालून एकोणिसाव्या पायरीपर्यंत शेवाळाचा डाग कशाचा, तेही बघा. मी खोटं बोललोय. पायऱ्या खोटं बोलत नाहीत."

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "दट्ट्या कुणी काढला, ते पाहिलेलं कुणी आहे?"

संहितानं हयवदनांकडे बघितलं. हयवदनांनी मागे वळून बघितलं नाही. शेजारच्या खोलीत टाइपरायटर चालला होता.

"काढताना नाही पाहिलं," मागून कानडीत आवाज आला. मल्लाप्पा दाराशी उभा होता, डोक्याला नवा टॉवेल बांधून. "पण एकदा परत बसवला तो मीच. दुसऱ्यांदा का नाही बसवला ते सांगतो. बसू का, की उभ्यानं सांगू?"

निकाल काही लागला नाही. अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन तूबू तपासायचा हुकूम दिला, तोवर दट्ट्या परत बसवायचा आणि तलावात एकही दगड हलवायचा किंवा रोवायचा नाही असं लिहिलं. पुढची तारीख एप्रिलची. बाहेर आल्यावर संहिता म्हणाली की हे तिच्या अपेक्षेपेक्षा जास्त आहे. मल्लाप्पा म्हणाला की पोराला संध्याकाळपर्यंत काढून टाकतील. तसंच झालं.

दुसऱ्या दिवशीच्या सायंदैनिकात, ज्यात वसुमती लिहायची त्यातच, चौथ्या पानावर बातमी आली. मथळा होता: तलावाच्या नोंदी खोट्या, पतीची कबुली. खाली आठ ओळी. दट्ट्याचा उल्लेख सातव्या ओळीत होता. 'गेले नाही'चा उल्लेख नव्हता. हयवदनांनी बातमी कापली, तारीख घातली आणि निळ्या वहीत ठेवली. आपल्या बाजूचं नसलं तरी ठेवायचं होतं.

सोमवारी, बावीस जानेवारीला, त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक नवी वही घेतली. निळा पुठ्ठा मिळाला नाही, तांबडा मिळाला. बसमध्ये बसून मांडीवर त्यांनी रकाने आखले. मग मागच्या वर्षीच्या वीस मार्चपासून एकेक सोमवार लिहायला घेतला आणि प्रत्येकापुढे लिहिलं, गेलो नाही. चव्वेचाळीस झाले. शेजारचा माणूस डोकावून बघत होता.

"हजेरी का?" त्यानं विचारलं.

"गैरहजेरी," हयवदन म्हणाले.

मल्लाप्पा देवळापाशी उभा होता. तूबूत नवा दट्ट्या बसवून त्याचे हात कोपरापर्यंत चिखलात भरले होते.

"सगळ्या कोरड्याच तर आहेत अण्णा. मोजायचं काय त्यात?"

"तू तिकडून मोज. मी नंतर मोजतो. सांगू नकोस."

मल्लाप्पा खाली उतरला, वर आला. मग हयवदन उतरले. गुडघे दुखत होते, तरी एकेका पायरीवर पाय ठेवून ते शेवटच्या पायरीपर्यंत गेले आणि तसेच वर आले.

"बोल."

"वीस."

"एकवीस."

मल्लाप्पानं कपाळावर हात मारला. "खालची गाळात गेलीय. अर्धीच दिसते. ती धरायची?"

"धरायची की नाही ते नंतर. आधी लिहायचं." हयवदनांनी 'ह'खाली एकवीस लिहिले, 'म'खाली वीस, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: पुन्हा मोजणे.

"आता या वयात पुन्हा उतरायचं?" मल्लाप्पा म्हणाला.

"उतर," हयवदन म्हणाले, आणि त्याच्यामागून स्वतःही उतरू लागले. खाली पोचल्यावर मल्लाप्पानं वाकून हातानं गाळ बाजूला केला. दगडाची कड लागली.

"एकवीस," तो म्हणाला.